दुधाच्या वहीतले सिनेमे

2025च्या जून महिन्यात मी अकरा सिनेमे पाहिले. आठ आधी पाहिलेले, दोन पूर्वी अर्धवट सोडलेले आणि एक कोरा. हिशेब इतका चोख आहे, कारण तो दुधाच्या वहीत आहे. पुढच्या बाजूने दूध. वही उलटी केली की शेवटच्या पानापासून सिनेमे: तारीख, नाव आणि समोर एखादी ओळ. पतसंस्थेतल्या नोकरीने लावलेली खोड. लिहून ठेवलं नाही तर ते झालंच नाही असं वाटतं.

निमित्त अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. भावाच्या बिबवेवाडीच्या घरात वॉटरप्रूफिंग निघालं. गवंडी आठ दिवस म्हणाला म्हणजे महिना धरायचा, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून ३१ मेच्या संध्याकाळी अण्णा एक पिशवी, औषधांचा डबा आणि कानाचं यंत्र घेऊन धायरीत आले. नवरा बदलीवर नागपूरला, मुलगी बंगळुरूला. घरात मी एकटीच. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच येऊन बसला होता, त्यामुळे अण्णांचं फिरणं बंद. पहिल्याच सकाळी त्यांनी दूध घ्यायचं काम आपल्याकडे घेतलं. गोठ्यावरचा पोऱ्या सहाला बेल वाजवतो. ती ऐकू येत नाही, म्हणून ते पावणेसहालाच दार उघडून खुर्ची टाकून बसत. दूध घेतलं की वहीत लिहीत. वहीची पुढची बाजू त्यांची झाली, मागची माझी.

अण्णा एक्क्याऐंशीचे. सगळी नोकरी एसटीच्या स्वारगेट डेपोत, मेकॅनिक म्हणून. पहिली पाळी सुटली की हात घासलेटने धुऊन समोरच्या लक्ष्मीनारायणला जायचं, हा त्यांचा तरुणपणीचा शिरस्ता. आमच्या गच्चीवरून, ढग बाजूला झाले तर, सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. तो पाहून म्हणाले, "आपला अँटेना ह्याच्याकडेच तोंड करून होता." होताच. कावळा बसून अँटेना फिरला की भाऊ पत्र्यावर, मी खिडकीत आणि अण्णा टीव्हीपाशी. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" निम्मे मराठी सिनेमे मी मुंग्यांसकट पाहिलेत.

पहिल्या रविवारी अर्थातच 'अशी ही बनवाबनवी' लावला. 1988 साल, सचिनचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचं लेखन. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची, पण ती इतकी पुण्याची होऊन गेली आहे की मूळचं कुणाला आठवतही नाही. हा सिनेमा किती वेळा पाहिला याची नोंद माझ्याही वहीत नाही. अण्णा नेहमीच्या जागी हसले. माझं मात्र या वेळी बिनसलं. गेली चार वर्षं मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. बेचाळीस फ्लॅट, त्यातले सतरा भाड्याने. भाडेकराराची प्रत द्या, पोलीस पडताळणी करा, दोघं सांगून सहाजण राहू नका, हे मी महिन्यातून किमान पाच वेळा कुणाला तरी सांगत असते. पडद्यावर विश्वासराव सरपोतदार अवेळी दारात उभे राहिले आणि मी चक्क त्यांच्या बाजूची झाले! काय चुकलं हो त्या माणसाचं? एका भाडेकरूला जागा दिली, तो गुपचूप आणखी तिघांना घेऊन राहतो. वर मधुमेहावरचं इस्रायलचं औषध आणि ते सत्तर रुपये. सुधीर जोशींनी हा घरमालक इतका देखणा चिडका केलाय की तो खलनायक वाटत नाही, आणि म्हणूनच त्याला फसवण्यात मजा येते. कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्या माणसाने हा सिनेमा पुन्हा एकदा पाहावा. पाणी कोण भरतं ते बघावं.

इथे आवाजाचं सांगायला हवं. यंत्र कानात घातलं की गुणगुणतं, म्हणून अण्णा ते डबीतच ठेवतात आणि टीव्ही मोठा करतात. तिसऱ्या दिवशी शेजारच्या विंगमधून लेखी तक्रार आली. ती सेक्रेटरीच्या, म्हणजे माझ्याच नावे होती. मी पोच दिली, आवक क्रमांक घातला आणि मासिक सभेपुढे ठेवण्यासाठी फाइलला लावली.

'सिंहासन' अण्णांच्या मागणीवरून. जब्बार पटेलांचा 1979चा, अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा, पटकथा तेंडुलकरांची. अण्णांना त्यातले मुख्यमंत्री, अर्थमंत्री, युनियनचा डिकास्टा सगळे जुन्या साहेबांसारखे ओळखीचे. "हा निळू फुले आधी वानवडीच्या मिलिटरी मेडिकल कॉलेजात माळी होता," हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला मात्र हा सिनेमा पूर्वी वाटायचा तेवढा तिखट राहिला नाही. दोष सिनेमाचा नाही. रोजच्या बातम्यांनी जीभ मेली आहे. तरी निळू फुल्यांचा दिगू टिपणीस तेवढा उरतो. 'सामना'त साखर कारखान्याचा सम्राट रंगवणारा हाच नट इथे खांद्यात वाकून, सगळं माहीत असून काहीही करता न येणारा वार्ताहर होतो. शेवटी तो हसत सुटतो तेव्हा अण्णा म्हणाले, "डोकं फिरलं त्याचं." मग जरा थांबून, "फिरणारच."

बनवाबनवीत जे सुरू झालं ते महिनाभर थांबलं नाही. नायक आपल्या मोठ्या गोष्टीत गुंतलेला असताना घर कोण चालवतंय, पीठ कुठून येतंय, डबा कोण भरतंय, याच्यावरून माझी नजर हटेना. हे वयामुळे असेल, टँकरच्या पाळ्या लावून लावून असेल. पण एकदा का तशी नजर लागली की ओळखीच्या सिनेमांचा भार दुसऱ्याच माणसावर सरकलेला दिसतो.

याचा सगळ्यात मोठा फटका 'नटसम्राट'ला बसला. शिरवाडकरांचं नाटक 1970 सालचं. डॉक्टर लागूंचा प्रयोग अण्णांनी आईबरोबर बालगंधर्वला पाहिलेला. महेश मांजरेकरांचा सिनेमा 2016चा. त्या रात्री अण्णांनी यंत्र आठवणीने कानात घातलं, नानाचं बोलणं ऐकायचं म्हणून. नाना पाटेकर दांडगे आहेत, विक्रम गोखल्यांबरोबरचे प्रसंग तर दोन मुरलेल्या पैलवानांच्या खडाखडीसारखे. पण सिनेमा गणपतराव बेलवलकरांच्या इतका प्रेमात पडलाय की सुनेला आणि मुलीला माणूस म्हणून उभं राहायला फूटभर जागा ठेवत नाही. मी लसूण सोलत बसले होते. सिनेमा संपल्यावर ओघात बोलून गेले, "खरं सांगू अण्णा? मला सुनेचीच दया येते. एवढा मोठा आवाज घरात चोवीस तास! त्यात जावयाच्या घरी येऊन राहायचं, आणि काही झालं की वाईट कोण, तर लेकच."

अण्णा "हं" म्हणाले. यंत्र काढून डबीत ठेवलं आणि झोपायला गेले. मी वहीत लिहिलं: 'नाना उत्तम. एकतर्फी.'

नवा सिनेमा एकच, 'जारण'. हृषीकेश गुप्ते यांचा, 6 जूनला लागलेला. लगेचच्या रविवारी अण्णांना रिक्षात घालून सिंहगड रस्त्याने अभिरुचीला नेलं. वाटेत फनटाइम थेटरच्या स्टॉपपाशी नव्या उड्डाणपुलाकडे बघत ते म्हणाले, "थेटर राहो न राहो, स्टॉपचं नाव राहतं." अलका टॉकीजचा चौक आठवला असावा. 'जारण'मध्ये आपल्यावर करणी झालीय असं धरून बसलेली राधा अमृता सुभाषने केली आहे आणि गंगुटी अनिता दातेने. पूर्वार्धात मला खरोखर भीती वाटली, ती भुताची कमी आणि त्या बाईच्या डोळ्यांची जास्त. शेवट सांगत नाही. एवढंच म्हणते की आजार आणि करणी या दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं राहण्याचं कसब सिनेमाला साधलंय, पण टाळी मात्र तो करणीकडून घेतो. बाहेर पडताना मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला सांगत होती, "आमच्या गावाकडे हे आहे बरं का."

म्हणून मग 'देवराई' काढला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 2004चा हा सिनेमा मी तेव्हा अर्धा पाहून सोडला होता. अतुल कुलकर्णीचा शेष, त्याला झालेला स्किझोफ्रेनिया, डोक्यात दाटलेली कोकणातली देवराई, आणि त्याला आपल्या घरी आणून सांभाळणारी बहीण, सोनाली कुलकर्णी. या सिनेमाचा आमच्या धायरीशी संबंध आहे, आणि मला तो इतकी वर्षं लक्षात आला नव्हता! नऱ्ह्याच्या बाजूला जाताना स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची पाटी लागते. त्या संस्थेमागे उभे राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी हे धुळ्याचे. कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीला हा आजार होता, त्यातून त्यांनी पुण्यात हे काम उभं केलं, आणि 'देवराई' निघाला तोही त्यांच्याच खटपटीतून. म्हणजे निर्माताच अशा घरातला. सिनेमात ते कळतं. बहिणीच्या संसारात हळूहळू पडणारी चीर, नवऱ्याचं समजूतदार असणं आणि त्या समजूतदारपणाचंही एक दिवस संपणं, हे बाहेरून बघणाऱ्याला सुचणार नाही. सिनेमा काही ठिकाणी माहितीपत्रकासारखा बोलतो. डॉक्टर समजावून सांगतात तेव्हा आपण ओपीडीत बसल्यासारखे ऐकतो. मला चाललं. 'जारण'च्या नंतर तर फारच चाललं.

20 जूनला पालख्या पुण्यात आल्या. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत. डेपोत होते तोवर अण्णांचं दर्शन कधी चुकलं नाही. या वेळी गुडघ्यांनी नकार दिला. संध्याकाळी ते गप्प गप्प होते, म्हणून 'संत तुकाराम' लावला.

दामले-फत्तेलालांचा 1936चा हा सिनेमा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या प्रभात स्टुडिओत, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, तयार झाला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. विष्णुपंत पागनीस मूळचे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. तो मऊपणा त्यांच्या तुकारामात आहे. शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं त्यातलं एक गीत लोक तुकोबांचा अभंग समजत आले, इतकं ते आत मुरलंय. हे सगळं मला माहीत होतं. तरी जिजाई मी पहिल्यांदाच पाहिली.

गौरी नावाच्या नटीने ती केली आहे. नटी म्हणण्यापेक्षा शेजारची बाई पडद्यावर ढकलली असावी असं वाटतं. ती चालते तीच मुळी कामाला निघाल्यासारखी. म्हशीशी बोलते, पोरांवर ओरडते, नवऱ्यावर ओरडते, आणि सगळ्यांना एकाच पट्टीत. पोरगं आजारी पडतं तेव्हा ती वहाण हातात घेऊन देवळात शिरते आणि थेट विठोबालाच जाब विचारते. हा प्रसंग लोक विनोदी म्हणून सांगतात. नीट पाहा: तिच्या चेहऱ्यावर विनोद कुठेही नाही. औषधाला पैसा नाही आणि ज्याच्यापायी नाही तो समोर कमरेवर हात ठेवून उभा आहे, एवढा साधा हिशेब आहे तो. शिवाजी महाराजांचा नजराणा येतो तेव्हा ती आणि पोरं कपडे-दागिने अंगावर चढवून पाहतात. त्यांचा तो आनंद दिग्दर्शकांनी जराही हिणकस केलेला नाही. मग तुकोबा सगळं परत पाठवतात, आणि आपण मान डोलवायची तिथे माझ्या पोटात कालवलं. आभाळातून उतरणारं वैकुंठीचं विमान आज दोऱ्यांसकट कळतं. जिजाईची चूल मात्र खरीच पेटलेली दिसते. चमत्कार भरपूर असूनही हा सिनेमा जमिनीवर राहिलाय तो तिच्या वजनामुळे, असं माझं मत झालंय.

अण्णा सिनेमाभर हात जोडूनच बसले होते. शेवटी म्हणाले, "तुझी आई असती तर म्हणाली असती, बघा." काय बघा, ते सांगितलं नाही.

'कोर्ट' आणि 'किल्ला' मी एकाच शनिवार-रविवारी पाहिले, अण्णा निम्म्यात डुलक्या घेत असताना. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'बद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. वीरा साथीदारांचा शाहीर, व्हेनिसचे पुरस्कार, राष्ट्रीय पुरस्कार, सगळं रास्त. मी या वेळी सरकारी वकील बाईंच्या मागे गेले. गीतांजली कुलकर्णींनी केलेली ही बाई कोर्टात कायद्याची जुनी कलमं एका सुरात वाचते, सुटल्यावर लोकलमध्ये मैत्रिणीशी स्वयंपाकाच्या तेलावर बोलते, मुलाला घेते, घरी जाऊन कुकर लावते. एका निरपराध माणसाला तुरुंगात ठेवण्याचं काम ती डबा भरण्याइतक्याच नेटकेपणाने उरकते. आधी मला तिचा राग आला होता. आता तिचा कुकर ओळखीचा वाटला, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. 'किल्ला' आपल्याला अकरा वर्षांच्या चिन्मयचा म्हणून आठवतो. अविनाश अरुणने टिपलेला कोकणातला पाऊस, बर्लिनला मुलांनी दिलेला क्रिस्टल बेअर. पण बदलीच्या गावात, नवरा गेल्यानंतर, सरकारी कचेरीत सही कर म्हणणाऱ्यांच्या मध्ये उभी असलेली ती आई! तीही अमृता सुभाषच.

'वळू' हसण्यासाठी पाहिला, हसलो, त्यातही अमृता सुभाष होती. पुढे.

'अस्तु' लावू की नको यावर मी दोन दिवस घालवले. अण्णांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, तरी वडिलांना शेजारी बसवून विस्मरणाचा सिनेमा पाहणं जड. भावे-सुकथनकरांचाच हा. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री, म्हणजे मोहन आगाशे, रस्त्यात हत्ती पाहून मोटारीतून उतरतात आणि त्याच्या मागे चालू लागतात. सगळं पुण्यातलं. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, पण अभिनयात त्यांनी डॉक्टरकी कुठे दाखवलेली नाही. एक मोठं माणूस लहान होत जातं एवढंच दिसतं. मुलीची भूमिका इरावती हर्षेची. वडिलांना हरवल्याच्या घाबरेपणात तिचं थकलेपणही मिसळलेलं आहे, आणि आपण थकलो होतो हे तिला स्वतःलाच त्या दिवशी कळतं. हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा, पुन्हा अमृता सुभाष, त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्रीबुवा तिला आई म्हणू लागतात तेव्हा तिला त्यांचं पांडित्य माहीत नाही, आजाराचं नाव माहीत नाही. म्हातारा भुकेला आहे, एवढं दिसतं. ती भरवते.

"कानडी बोलतेय का गं?" अण्णांनी विचारलं. हो म्हटल्यावर खूश झाले. निपाणीच्या गाडीचा कुणी ड्रायव्हर त्यांना कानडी शिव्या शिकवायचा, त्यातल्या दोन त्यांनी म्हणून दाखवल्या. बाकी सिनेमाबद्दल एक शब्द नाही. उठताना म्हणाले, "भाऊ म्हणतो काम संपत आलंय. तीस तारखेला जातो."

'द डिसायपल' मी एकटीने, कानाला हेडफोन लावून पाहिला. पहिल्या खेपेला कंटाळून अर्ध्यावर सोडला होता. त्यात नायक रात्रीच्या रिकाम्या मुंबईतून संथपणे मोटारसायकल चालवत असतो आणि कानात माई नावाच्या गुरूंचं बोलणं वाजत असतं, साधनेबद्दलचं, निर्दय. तो आवाज सुमित्रा भाव्यांचा आहे. आठवड्यात त्यांचे दोन सिनेमे पाहून झालेले, त्यामुळे अंधारात तो आवाज आला आणि मी सावरून बसले. 19 एप्रिल 2021ला त्या गेल्या, आणि 30 एप्रिलला 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला. सिनेमा पूर्ण पाहिला. अजूनही तो मला थोडा जास्तच शिस्तीचा वाटतो. पण गाणं जमत नाही हे कळूनही रियाज करत राहणाऱ्या त्या शरदला सोडवत नाही.

अण्णा तीस तारखेला गेले. गाडीत बसताना डबीतलं यंत्र विसरले होते, ते मी धावत नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. महिन्याचे दुधाचे पैसे काढून मी दारात उभी, तर पोऱ्या म्हणाला, "तेरा दिवसांचेच द्या मावशी. पुढचे काकांनी रोजच्या रोज दिलेत. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

वही उघडली. महिनाभर मी पुढची बाजू पाहिलीच नव्हती. रोजचा एक लिटर, अण्णांच्या तिरक्या अक्षरात. चौदा तारखेपासून प्रत्येक ओळीपुढे बारीकशी बरोबरची खूण.

वही उलटी करून मागचं पान काढलं. 'नटसम्राट', शुक्रवार, 13 जून.